दुमजली गोठा

कृष्णात फौजेत अकरा वर्षं होता, आणि अकरा वर्षांत त्यानं एक गोळी झाडली नाही. तो पलटणीच्या बँडात ढोल वाजवायचा. शेवटी त्याच्या गुडघ्यावर लाथ बसली ती दुश्मनाची नव्हे, सरकारी खेचराची. फौजेनं खेचर ठेवून घेतलं आणि कृष्णातला घरी धाडलं. नोकरी कमी भरली म्हणून पेन्शन नाही.

आमचं बोरजाईवाडी गाव सातारा संपून सांगली सुरू होते तिथल्या बांधावर. कृष्णात एसटीतनं उतरला तो लंगडत. पण त्याच्या लंगडण्याची एक मजा होती. हाताखाली काही वाजवायला मिळालं की लंगडणं बंद. गुडघ्याला वाटायचं बँड निघालाय. मग घरात तो ज्वारीच्या डब्यावर वाजवायचा, घागरीवर वाजवायचा, एकदा तर सासऱ्याच्या पाठीवर तेल चोळता चोळता त्यानं अख्खी परेड काढली. सासरा पालथा पडूनच म्हणाला, "बरं वाटतंया, पर जरा सावकाश चालू द्या तुमची पलटन."

त्याची बायको बाळाबाई टेकीला आली होती. दीड एकर मुरमाड रान, त्यात कुसळ सोडून काही उगवत नाही, आणि नवरा डबे वाजवतोय.

"आवं, त्या डब्यात दाना न्हाई म्हनून तर त्यो वाजतुया," ती म्हणायची. "आदी भरायचं बगा."

तेवढ्यात चौसष्ट साली ग्रामपंचायतीत शिपायाची जागा निघाली. सहा महिने कच्ची नोकरी, काम बरं दिसलं तर कायम. कायम करणं सरपंचाच्या हातात. कृष्णातला ती जागा मिळाली आणि बाळाबाईनं गावदेवी बोरजाईला नारळ बोलला. कायम झाल्यावर फोडीन म्हणाली, आधी नाही. बाई हिशेबी होती.

आता सरपंचाचं सांगायला हवं.

आमच्या गावात दोन आळ्या. वरची आमची, खालची त्यांची. आधी सरपंच होते खालच्या आळीचे हिंदुराव. त्यांची तीन वर्षांची घरपट्टी थकली होती. हे आम्हाला कळलं तेव्हा आमच्या आळीला जो संताप आला, तसा संताप घरात चोर शिरला तरी येत नाही. आम्ही एक फळी रंगवली. "पट्टी बुडवी तो गाव बुडवी." एक गाढव आणलं, त्याला हिंदुरावांसारखा फेटा बांधला आणि गावातनं फिरवलं. गाणंही रचलं होतं. ज्यांची स्वतःची पट्टी थकली होती ते सगळ्यात मोठ्यानं गात होते.

खालची आळी म्हणाली, "घरपट्टी ही मानसाच्या घरातली गोष्ट हाय. त्यात गावानं तोंड घालू नये."

हिंदुराव पडले. म्हणजे मेंबर राहिले, पण सरपंचपद गेलं. आमच्या आळीचे आप्पासो सरपंच झाले. पहिल्याच मीटिंगला आप्पासोंनी ठराव मांडला: ज्याची घरपट्टी थकली असेल, त्याच्या दारात, तो पट्टी भरेपर्यंत, हलगी वाजवावी. ठराव मंजूर. आमच्या आळीनं टाळ्या वाजवल्या. पहिलं दार कुणाचं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

प्रश्न निघाला, हलगी वाजवणार कोण? दोघातिघांनी धोंडिरामकडं बघितलं. धोंडिराम बौद्ध वस्तीचे मेंबर. ते चष्मा पुसत म्हणाले, "माझ्याकडं काय बगताय? वाजवायचं आमी कवाच सोडलंय, मरीआईच्या दारातलं सोडलं, तुमच्या दारातलं सोडलं. पट्टीचं म्हनाल, तर आमच्या वस्तीची समदी भरलेली हाय. पावत्या दावू का?"

कुणी पावत्या मागितल्या नाहीत.

मग ग्रामसेवकांनी शिपायाच्या कामात हलगी लिहिली. ग्रामसेवक वाईकडचे, नवे, सडपातळ, लिहिलेलं वाचणारे आणि वाचलेलं खरं मानणारे. गावात कुजबुज झाली की मराठ्याचा गडी हलगी वाजवणार. कृष्णात म्हणाला, "पलटनीत मी कर्नलसाबच्या म्होरं वाजवायचो, तवा कुनी जात इचारली न्हाई. आन वाजवायचं मिळतंय, वर पगार मिळतोय. ह्यापरीस माझ्या बापाला काय मिळालं हुतं?"

कराडच्या बाजारातनं हलगी आली. हलगी वाजायला आधी ती जाळावर शेकावी लागते, तेव्हा चामडं ताणतं. कृष्णात हिंदुरावांच्या दारात जाऊन सलाम ठोकून म्हणाला, "वैनी, जरा इस्तू द्या. हलगी शेकायचीया."

आता दारात आलेल्याला विस्तव नाही म्हणायची आमच्याकडं रीत नाही. हिंदुरावांच्या बायकोनं तिला शिक्षा करायला आलेल्या माणसाला चुलीतली लाकडं दिली, वर च्या दिला. कृष्णातनं च्या पिऊन मिशी पुसली आणि सुरुवात केली.

घोटाळा असा की त्याला वाईट वाजवता येत नव्हतं. शिक्षेची हलगी कशी असावी? रटाळ, ऐकून कान किटावेत अशी. कृष्णात वाजवायला लागला तशी पोरं नाचायला लागली, मग पैलवान नाचायला लागले, मग हिंदुरावांचा स्वतःचा चुलतभाऊ नाचायला लागला. हिंदुराव दाराआडनं ओरडले, "आरं नाचतुयास काय? माझी आब्रू चाललीया!"

"जाऊ द्या दादा, ताल लय बेस हाय," चुलतभाऊ म्हणाला.

दुपारपर्यंत म्हशीनं पान्हा चोरला, तेव्हा हिंदुरावांनी पट्टी भरली. कृष्णातनं पावती बघितली, सलाम केला आणि लंगडत निघून गेला.

मग दारामागून दारं झाली. खालच्या आळीची रंगूबाई मात्र वस्ताद. हलगी सुरू होऊन माणसं जमली तशी तिनं दारात चूल मांडली आणि कांद्याची भजी तळायला घेतली. दिवस मावळेपर्यंत एक पोतं कांदा गेला. कृष्णात सूर्य मावळला की थांबायचा, कारण तेव्हा फौजेत बिगूल होतो, आणि उजाडलं की पुन्हा हजर. दुसऱ्या दिवशी रंगूबाईनं भज्यांच्या पैशातनं पट्टी भरली आणि म्हणाली, "गड्या, आजून दोन दिस वाजीव की. कांदा शिल्लक हाय."

"पट्टी भरली, आता वाजवता येत न्हाई. ठराव हाय."

"मग फुडच्या सालचीबी थकली असं लिव्हून घे."

पाच महिन्यांत गावाची घरपट्टी वसूल झाली. तालुक्याला आमच्या गावाचं नाव झालं. आप्पासोंनी छाती काढून सांगितलं, "कृष्णात, सहा महिने भरले की तुझी ऑर्डर पक्की. सोमवारच्या मीटिंगला सही करतो." जत्रा त्याच्या आधीच्या शनिवारी होती. बाळाबाईनं नारळ आणून ठेवला.

आणि ग्रामसेवकांनी गावातली घरं मोजायला घेतली.

मोजता मोजता ते वरच्या आळीत आप्पासोंच्या दारात आले. कागदावर लिहिलं होतं: जुने घर पाडले, जागेवर गोठा आहे. गोठ्याला पट्टी माफ. ग्रामसेवकांनी कागदावरनं मान वर केली. समोर गोठा होता. त्याला माडी होती. खिडक्यांना निळ्या-तांबड्या काचा होत्या. जमिनीला शहाबादी फरशी, भिंतीला डिस्टेंपर आणि सज्जात आप्पासोंच्या बायकोची, जाईबाईची, तुळस.

ग्रामसेवकांनी विचारलं, "सरपंच, जनावरं कुठं असतात?"

"मळ्यात."

"मग इथं?"

"इथं आमी."

ग्रामसेवकांनी तीन वर्षांची पट्टी लिहून बिल दिलं. आप्पासोंनी ते परत दिलं. "गोठ्याला पट्टी कसली, साहेब? कागूद तुमचाच हाय."

बातमी खालच्या आळीत गेली. खालच्या आळीला आनंदानं जेवण गेलं नाही. हिंदुरावांनी जी फळी आम्ही त्यांच्यासाठी रंगवली होती तीच कुणाच्या तरी परड्यातनं शोधून काढली, धुतली आणि खांद्यावर घेतली. गाणंही आमचंच उचललं, फक्त हिंदुरावांच्या जागी आप्पासोंचं नाव घातलं. ते तालात बसत नव्हतं, म्हणून ते "आप्पासोराव" म्हणत होते. घरपट्टी ही माणसाच्या घरातली गोष्ट, असं आता खालच्या आळीत कुणी म्हणेना.

ते आता आमची आळी म्हणायला लागली.

पारावर बसून आम्ही एकमेकांना समजावत होतो. हिंदुरावांनी भरली नाही ती लबाडी, आप्पासोंची राहिली ती अडचण. एवढा गावाचा व्याप, माणसाच्या ध्यानात कसं राहणार? अर्जुना पैलवान, ज्यानं गाढवाला फेटा बांधला होता, तो म्हणाला, "आन मी म्हनतो, माडी बांधली म्हंजी काय गोठा ऱ्हात न्हाई का? बैलानं वर जाऊ ने आसं कुटं लिव्हलंय?" आम्ही माना हलवल्या. बोलणं मुद्द्याला धरून होतं.

पण ठराव होता, आणि ठरावाच्या एका टोकाला कृष्णात होता, हलगी घेऊन.

आप्पासोंनी त्याला बोलावलं. "हे बग कृष्णात, तुझी ऑर्डर टायपून आलीया. सही तेवढी राहिलीया. हलगी फुटली म्हन."

"फुटली न्हाई, सरपंच."

"फुटंल की. आपटली तर फुटंल."

"सरकारी माल हाय. पलटनीत ढोल फोडला तर कोठडी हुती."

घरी बाळाबाईनं त्याचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. "आवं, पाच दिस ऱ्हायलं. पाच दिस हातावर बसून ऱ्हावा. मग जल्मभर वाजवा, माझ्या टकुऱ्यावर वाजवा."

"बाळे, रंगूबाईच्या दारात दोन दिस वाजिवलंय मी. आता हितं न्हाई वाजिवलं तर ती भज्याची कडई घिऊन माझ्या दारात येईल."

"यिऊ दे. मी बगती तिच्याकडं."

शेवटी आप्पासोंनीच तोड काढली, आणि त्या तोडीवर आमची आळी बेहद्द खूश झाली. हलगी वाजवायचीच, पण जत्रेदिवशी. जत्रेत गावभर हलग्या वाजत असतात; त्यात शिक्षेची कोणची आणि मानाची कोणची, कोण सांगणार? त्यातनंही तालुक्याचे एक मोठे पाव्हणे बोलावायचे, गुलाल उधळायचा, हार घालायचे. घरपट्टी वसूल केली म्हणून सरपंचांचा सत्कार. खालच्या आळीला हलगी मिळाली, वरच्या आळीला सत्कार मिळाला, कृष्णातची नोकरी वाचली.

कृष्णात ऐकून एवढंच म्हणाला, "म्हंजी रंगूबाईला हलगी, तुमाला हलगी आन हार."

"व्हय. बरुबर हाय का?"

"हाराचं ठरावात न्हाई. पर हलगीचं हाय. वाजीवतो."

जत्रेला पंचक्रोशीतल्या गाड्या आल्या. आमच्या गावची एक जुनी चाल आहे: जत्रेला आलेल्या पाव्हण्याचे बैल ज्याच्या गोठ्यात जागा असेल तिथं बांधायचे. विचारायचं नाही, आणि मालकानं नाही म्हणायचं नाही. बोरजाईचा कोप होतो म्हणतात. नाही म्हणून बघायची अजून कुणाची छाती झालेली नाही.

दहाला सत्कार सुरू झाला. आप्पासोंच्या दारात मांडव, तालुक्याचे पाव्हणे खुर्चीत, गुलालानं सगळे तांबडेलाल. कृष्णातनं सलाम ठोकला आणि जाईबाईकडं विस्तव मागितला.

"वैनी, इस्तू."

जाईबाईनं कौतुकानं दिला. हलगी शेकली आणि कडाडली. नाच झाला, हार झाले, पेढे झाले. पाव्हणे भाषणाला उठले. आप्पासोंनी कृष्णातला हातानं खूण केली, बास.

हलगी चालूच.

"कृष्णात, बास की रं!"

"पट्टी भरली?" कृष्णात वाजवता वाजवता ओरडला.

"आरं, सत्कार झाला!"

"सत्काराचं मला म्हाईत न्हाई. पट्टी भरेपर्यंत, आसं लिव्हलंय!"

पाव्हणे म्हणाले, "बंधू आणि भगिनींनो," आणि पुढचं कुणाला ऐकू गेलं नाही. ते हात हलवत होते, तोंड हलवत होते. लोकांना वाटलं तेही तालावर आलेत, लोकांनी टाळ्या दिल्या.

आप्पासो त्यांच्या कानाशी जाऊन ओरडून सांगत होते, "माझी पट्टी लागूच न्हाई, साहेब! ह्यो गोठा हाय, गोठा!"

मागं उभी असलेली रंगूबाई ते ऐकून पुढं आली. "काय म्हनालासा सरपंच? गोठा हाय?"

"व्हय! गोठा हाय! सरकारी कागदावर हाय!"

"मोठ्यानं सांगा की, हलगीत ऐकू यीना."

"गोठा हाय!" आप्पासो बेंबीच्या देठापासनं ओरडले.

रंगूबाई वळली आणि गाड्यांकडं बघून तिनं हाक मारली, "पाव्हनं! बैल उन्हात कशाला? हितं मोकळा गोठा हाय! लय ऐसपैस! वरतीबी जागा हाय!"

गाडीवाल्या पाव्हण्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक? सरपंच स्वतः सांगतोय म्हटल्यावर त्यांनी बैल सोडले. आधी खिलार बैलांच्या दोन जोड्या गेल्या, मग हिंदुरावांची म्हैस गेली. तिचा जत्रेशी काही संबंध नव्हता, पण हिंदुराव तिच्या मागं होते. आम्ही वरच्या आळीचे अडवायला धावलो आणि दारात थबकलो. अडवायचं म्हणजे बैलांना नाही म्हणायचं, आणि बोरजाई समोरच डोंगरावर. न अडवायचं तर आप्पासोंची शहाबादी. अर्जुना पैलवान मध्ये उभा राहून दोन्हीकडं हात करत होता. त्याच्या काखेतनं एक खोंड आत गेलं आणि हलगीनं बिथरून सरळ जिना चढलं. बैलानं वर जाऊ नये असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. थोड्या वेळानं खोंडाचं तोंड निळ्या काचेच्या खिडकीतनं बाहेर आलं. तोंडात तुळस होती.

जाईबाई किंचाळली. अशी किंचाळली की हलगीच्या वर ऐकू गेली.

"आगं आई गं! माझं घर! काढा ती जनावरं माझ्या घरातनं!"

"वैनी, घर कुटाय? गोठा हाय," रंगूबाई म्हणाली.

"कोन म्हनतंय गोठा? घर हाय माझं ह्ये! मी काय गोठ्यात ऱ्हाते? मी काय म्हस हाय?"

आप्पासो म्हणाले, "जाई, गप ऱ्हा—"

"तुमी गप ऱ्हावा! तीन वरसं लोकांम्होरं मला गोठ्यात बसीवलंय! घर हाय! घर हाय! घर हाय!"

मांडवाच्या कडेला ग्रामसेवकांनी खिशातनं पेन काढलं होतं. "वहिनी, घर म्हणालात ना?" त्यांनी तिच्याजवळ जाऊन अदबीनं विचारलं. "म्हणजे तसं लिहितो."

जाईबाई आत गेली, म्हशीला बाजूला ढकलून कपाट उघडलं आणि रुमालात बांधलेले पैसे आणून ग्रामसेवकांच्या हातावर आपटले. "घ्या तुमची पट्टी! आन तीन काय, फुडच्या सालचीबी घ्या!"

पावती फाडली गेली. कृष्णातनं ती उलटीसुलटी बघितली, हलगी काखेत मारली आणि सलाम ठोकला. एकदम शांत झालं. त्या शांततेत पाव्हण्यांचं भाषण अचानक ऐकू आलं, "...असा आदर्श सरपंच प्रत्येक गावाला लाभो," आणि वरनं खोंडानं हंबरून अनुमोदन दिलं.

सोमवारी मीटिंग भरली. खिडकीतनं, दारातनं गाव डोकावत होतं. बाळाबाई पदराखाली नारळ धरून बाहेर उभी होती. फोडायचा की आमटीत घालायचा, हे आत ठरणार होतं.

आप्पासोंनी पहिला विषय घेतला: हलगीचा ठराव रद्द करावा, कारण जनावरं बिथरतात.

दारातनं रंगूबाई म्हणाली, "आमच्या दारात वाजत हुती तवा आमची जनावरं भैरी हुती व्हय?"

"बाई, मेंबर नसलेल्यांनी बोलू नये," आप्पासो म्हणाले, आणि ठराव रद्द झाला.

दुसरा विषय कृष्णात. आमच्या आळीचे मेंबर म्हणाले, याला कायम करू नये, यानं शिस्त मोडली. धोंडिराम उठले. "ठराव तुमचा, हुकूम तुमचा. माझ्याकडं बगून झाल्यावर मग ह्या गड्याच्या गळ्यात हलगी घातली तुमीच. त्यानं कुटं चुकीचं वाजिवलं तेवडं सांगा, मी बसतो खाली."

आप्पासो म्हणाले, "चुकीचं न्हाई. लय बरुबर वाजिवलं. त्योच तर तरास हाय."

मग हिंदुरावांनी आप्पासोंच्या कानाशी तोंड नेलं. दोन वर्षांत ते दोघं पहिल्यांदाच एकमेकांशी बोलत होते. काय बोलले ते मागच्या बाकावर ऐकू आलं: "काडून टाकला तर मोकळा सुटंल. मग ठराव न्हाई, येळ न्हाई, कुनाच्याबी दारात हुबा ऱ्हाईल. त्यापरीस बांदून ठेवल्याला बरा."

आप्पासोंनी लगेच पेन मागितलं. कृष्णात कायम. अट एकच, नोकरीत असेपर्यंत हलगीला हात लावायचा नाही. विरोधात धोंडिरामांचा एकट्याचा हात वर गेला. तो कृष्णातच्या नोकरीला नव्हे, हलगी बंद करायला. त्यांनी तो तसाच लिहून घ्यायला लावला.

कृष्णात ऑर्डर घेऊन बाहेर आला. लंगडत. बाळाबाईनं पुढं होऊन विचारलं, "झालं का कायम?"

"झालं."

"आन हलगी?"

"बंद केली."

"बरं झालं, बया. कुनी, आप्पासोनं केली?"

"समद्यांनी. दोनी आळ्यांनी."

"आगंबया! हिंदुरावनीबी?"

"त्यांचा तर हात पयला वर गेला," कृष्णात म्हणाला. "फुडल्या सालाला त्यास्नी सरपंच हुयाचंय न्हवं."